फोटोशॉप बदलले, आपल्या जुन्या फायलींचे काय?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीचा नेहमीचा मोफत आधार थांबवला. आपल्यापैकी बहुतेकांनी ही बातमी घरच्या लॅपटॉपपुरती वाचली आणि सोडून दिली. तिचा एक परिणाम मात्र आडवाटेने आपल्या मंडळापर्यंत पोहोचतो. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या ज्या छोट्या डीटीपी दुकानांतून आपल्या निमंत्रणपत्रिका, गणेशोत्सवाचे फ्लेक्स आणि स्मरणिका तयार होतात, तिथे जुना संगणक चालतो तोवर चालवायचा अशीच रीत असते. त्यावरचे फोटोशॉपही जुनेच. विंडोज ११ बऱ्याच जुन्या यंत्रांवर बसत नाही, म्हणून यंत्र बदलायचे आणि नव्या यंत्रावर फोटोशॉपही नवे घ्यायचे. दरवर्षी एकेक बदल आला असता तर हाताने तो कधी पचवला हे कळलेही नसते. इथे आठ-दहा वर्षांचे बदल एका सकाळी समोर उभे राहतात.

मग तक्रारी सुरू होतात. पाहुण्यांचा फोटो ताणला जातो. केलेले मागे घ्यायची कळ भलतेच काही करते. जुन्या बॅनरवरची मराठी अक्षरे तुटतात. कार्यकर्त्यांतली चर्चा बहुधा ‘नवीन व्हर्जन बेकार आहे’ या निकालावर थांबते. पण हे सगळे बदल एका जातीचे नाहीत. काही बदल हाताची सवय मोडतात, तर काही आपल्या आधी पूर्ण झालेल्या कामाला हात घालतात. ओरड पहिल्यांबद्दल जास्त होते. नुकसान दुसऱ्यांत आहे.

शिफ्टची कळ

आधी सवयीबद्दल. फोटोशॉप बाजारात आले ते फेब्रुवारी १९९० मध्ये. थॉमस आणि जॉन नोल या भावांनी ते घडवले आणि अडोबीने विकले. तेव्हापासून अनेक वर्षे एक नियम ऑपरेटरच्या बोटांत मुरला होता: फोटो लहान-मोठा करताना शिफ्टची कळ दाबून धरायची, म्हणजे लांबी-रुंदीचे प्रमाण कायम राहते. कळ न दाबता कोपरा ओढला की चेहरा एक तर भोपळ्यासारखा व्हायचा, नाही तर पडवळासारखा. नवख्या मुलाला दुकानात पहिल्या दिवशी हेच शिकवले जायचे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या फोटोशॉप सीसी २०१९ ने हा नियम उलटा केला. आता काही न दाबता प्रमाण कायम राहते आणि शिफ्ट दाबली की ते सुटते. म्हणजे ज्याने वीस वर्षे काळजीने शिफ्ट दाबली त्याचा फोटो बिघडतो आणि ज्याला काहीच ठाऊक नाही त्याचा बरोबर येतो. ज्येष्ठ ऑपरेटर चिडले ते यामुळे, आणि त्यांची चीड मला रास्त वाटते.

त्यातही घोळ होता. त्या आवृत्तीत फोटो आणि मजकूर यांना नवा नियम लागू होता, पण चौकोन-वर्तुळासारख्या व्हेक्टर आकारांना जुनाच. फोटो आणि त्याभोवतीची चौकट दोन वेगळ्या नियमांनी वागत होती. नोव्हेंबर २०१९ च्या पुढच्या आवृत्तीत सगळ्यांना एकच नियम लावला गेला. साधारण वर्षभरात हाताला दोनदा नवे शिकावे लागले.

जुन्या वर्तनाकडे परत जायची वाटही आधी विचित्र होती. एक छोटी मजकूर-फाइल स्वतः लिहून फोटोशॉपच्या सेटिंग्जच्या फोल्डरमध्ये ठेवावी लागे. लोकांनी इतके कान किटवले की जून २०१९ मध्ये कंपनीने प्रेफरन्सेसमध्ये, जनरल या भागात, ‘यूज लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म’ असा पर्याय दिला. तिथे खूण केली की शिफ्ट पुन्हा जुन्यासारखी. दुसरा उपाय डोळ्यासमोरच असतो. ट्रान्सफॉर्म चालू असताना वरच्या पट्टीत रुंदी आणि उंची यांच्या मध्ये साखळीचे चिन्ह दिसते. साखळी जोडलेली तर प्रमाण कायम, तुटलेली तर मोकळे. बोटांवर विसंबण्यापेक्षा त्या चिन्हाकडे एक नजर टाकणे सोपे.

कंट्रोल-झेडचेही असेच झाले. पूर्वी ही कळ एकच पाऊल मागे जायची आणि पुन्हा दाबली की तेच पाऊल पुढे यायची. फोटोवरचे डाग काढणारे लोक तिचा चष्म्यासारखा वापर करायचे: आधीचे, नंतरचे, आधीचे, नंतरचे. आणखी मागे जायला वेगळी कळ होती. सीसी २०१९ पासून कंट्रोल-झेड दाबत राहिले की पाऊल-पाऊल मागे जात राहते. आधी-नंतर तुलना करायची असेल तर आता कंट्रोल-ऑल्ट-झेड. जुनी रीत हवी तर कीबोर्ड शॉर्टकटच्या खिडकीत ‘यूज लेगसी अनडू शॉर्टकट्स’ आहे.

कंपनी असे का करते याचे उत्तर फार गूढ नाही. वर्डमध्ये, मोबाइलवर, इतर सगळीकडे अनडू पावलापावलाने मागे जाते, आणि मोबाइलवर फोटो चिमटीत धरून मोठा केला की प्रमाण सुटत नाही. आजचा नवा ग्राहक ती सवय घेऊनच येतो. २०१३ मध्ये अडोबीने जाहीर केले की यापुढचे फोटोशॉप विकत मिळणार नाही, भाड्यानेच मिळेल. भाडे महिन्याला येत राहायचे तर नवे लोक सतत यायला हवेत आणि नवे काही सतत दिसायला हवे. वीस वर्षे काम केलेला माणूस तसाही सोडून जात नाही, कारण त्याच्या सगळ्या फायली त्याच साच्यात असतात. त्याची गैरसोय कंपनीला स्वस्त पडते.

फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे होत नाही असा एक समज आहे. तो खरा नाही. आपल्या अनेक तरुण कार्यकर्त्यांकडे असलेल्या गिंपने २०१२ च्या २.८ आवृत्तीत ‘सेव्ह’चा अर्थच बदलला. सेव्ह केले की फक्त गिंपच्या स्वतःच्या साच्यात जतन होणार, जेपीईजी किंवा पीएनजी हवे तर ‘एक्स्पोर्ट’ करा. त्यावरही पुष्कळ वाद झाला. पण त्या बदलामागचा विचार मला पटतो. जेपीईजी केले की थर एकमेकांत मुरतात आणि पुढच्या वर्षी तारीख बदलायची म्हटली तर सगळे नव्याने करावे लागते. आपल्या किती पत्रिकांची केवळ व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली जेपीईजीच शिल्लक आहे, हे मंडळाच्या कार्यालयातला संगणक उघडला की दिसते. २०२० मध्ये गिंपने अवजारे गटागटांत लपवली तेव्हाही आरडाओरडा झाला. ते प्रेफरन्सेसमधून पूर्ववत करता येते.

हाताच्या सवयीचे बदल असे आहेत. आठवडाभर डोके दुखते, मग एक तर सेटिंग सापडते, नाही तर हात शिकतो.

मराठी अक्षरे

दुसऱ्या जातीच्या बदलांकडे मात्र आपण पुरेसे लक्ष देत नाही. त्यात आपल्या दृष्टीने सर्वांत मोठा भाग अक्षरांचा.

जुन्या स्मरणिका श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएम यांसारख्या पद्धतींत जुळवलेल्या आहेत. त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फाइलमध्ये प्रत्यक्षात साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा अंगरखा चढवतो. तो फॉन्ट नव्या संगणकावर नसेल तर अध्यक्षांचे मनोगत निरर्थक खुणांची रांग होऊन समोर येते. फोटोशॉप अशा थरावर इशारा दाखवते आणि जोवर त्या मजकुराला हात लावला नाही तोवर जुने चित्र तसेच दिसत राहते. कोणी घाईत ‘फॉन्ट बदला’ला होकार दिला की ते चित्रही जाते.

त्यात भर म्हणजे अडोबीने टाइप १ या जुन्या साच्यातले फॉन्ट चालवणे बंद केले आहे. फोटोशॉपने २०२१ मध्येच सोडले, बाकीच्या प्रमुख सॉफ्टवेअरमधून ते जानेवारी २०२३ मध्ये गेले. जुने ट्रूटाइप फॉन्ट अजून चालतात. म्हणून दुकानदार ‘फॉन्ट आहे माझ्याकडे’ म्हणाला तरी तो कोणत्या साच्यातला, हे विचारायला हवे.

आणखी एक छोटी खाच. प्रेफरन्सेसमध्ये ‘स्मार्ट कोट्स’ नावाचा पर्याय असतो. तो साध्या अवतरणचिन्हाच्या जागी वळणदार चिन्ह घालतो. इंग्रजीसाठी छान आहे. पण ज्या जुन्या फॉन्टमध्ये अवतरणचिन्हाच्या जागी एखादी मात्रा किंवा अर्धे अक्षर बसवलेले असते, तिथे टंकताना भलतेच उमटते. जुन्या यंत्रावर कोणीतरी कधीतरी तो पर्याय बंद केलेला असतो. नवीन आवृत्ती आली, सेटिंग्ज मूळ पदावर गेली, आणि ऑपरेटर बिचारा फॉन्टला दोष देत बसतो.

युनिकोडमधल्या मराठीची कथा उलटी आहे. तिथे नव्या आवृत्तीने भलेच केले. पूर्वी फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘वर्ल्ड-रेडी’ मांडणीचा पर्याय मुद्दाम निवडावा लागे. तो निवडला नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे न बसता मागे जायची, जोडाक्षरे पाय मोडून उभी राहायची. शहरातल्या कित्येक फ्लेक्सवर असे मोडके मराठी आणि मोडके गुजराती आपण वर्षानुवर्षे पाहिले आहे. ऑक्टोबर २०२१ च्या आवृत्तीपासून सगळ्या लिप्यांना एकच मजकूर-यंत्रणा आली आणि हा त्रास बहुतांशी गेला. ज्यांना नवे फोटोशॉप सरसकट वाईट वाटते त्यांनी एवढे श्रेय तरी द्यावे.

तरी छापायला देण्याआधी दोन गोष्टी मराठी डोळ्यांनीच तपासाव्या लागतात. एक म्हणजे ‘ऱ्य’ आणि ‘र्य’. आभाराच्या यादीत ‘आचाऱ्यांचे आभार’ मानायचे असतील आणि छापून ‘आचार्यांचे’ आले, तर महाप्रसाद रांधणारे मागे राहतात आणि मान भलत्यालाच मिळतो. दुसरी म्हणजे ‘ल’ आणि ‘श’ यांचे मराठी वळण. हिंदीसाठी घडवलेल्या पुष्कळ फॉन्टमध्ये ते आपोआप येत नाही. गुजराती ऑपरेटरला हा फरक दिसत नाही, यात त्याचा दोष काहीच नाही.

बडोद्यात आपल्याला मराठी आणि गुजराती मजकूर एकाच फलकावर लागतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडवलेला ‘मुक्त’ देवनागरीसाठी आणि त्याच कुळातला ‘मुक्त वाणी’ गुजरातीसाठी, असे दोन्ही फॉन्ट खुल्या परवान्याने मोफत मिळतात. एका कुळातले असल्याने शेजारी शेजारी शोभतात, आणि उद्या दुकान बदलले तरी फॉन्ट कुठे मिळेल हा प्रश्न राहत नाही.

रंग आणि भाडे

रंगांबाबत एक धडा २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये जगभरच्या चित्रकारांना मिळाला. पँटोन ही कंपनी छपाईच्या रंगांना क्रमांक देते. तिच्याशी असलेला अडोबीचा करार बदलला आणि पँटोनचे बहुतेक रंगसंच सॉफ्टवेअरमधून निघून गेले. ज्यांच्या जुन्या फायलींत ते रंग होते त्यांना उघडल्यावर त्या जागी काळा रंग दिसला. परत हवे तर पँटोनला वेगळे पैसे भरा. मंडळाच्या बोधचिन्हातला भगवा नुसत्या पँटोन क्रमांकाने लिहून ठेवला असेल तर त्याच्या शेजारी सीएमवायके आकडे लिहून ठेवायला पाच मिनिटे लागतात.

‘मग जुनेच चालवू’ हा सल्ला सहज दिला जातो. विकत घेतलेल्या जुन्या फोटोशॉपबाबत तो काही काळ ठीक आहे. भाड्याच्या फोटोशॉपबाबत नाही. मे २०१९ मध्ये अडोबीने ग्राहकांना कळवले की क्रिएटिव्ह क्लाउडच्या अलीकडच्या दोन मोठ्या आवृत्त्या सोडून आधीच्या वापरण्याची परवानगी आता नाही, आणि वापरत राहिलात तर तिसऱ्या कोणाकडून कायदेशीर दावा येऊ शकतो. दरमहा पैसे भरूनही कोणती आवृत्ती वापरायची हे भरणारा पूर्णपणे ठरवत नाही. दुकानात कोणती प्रत कुठून आली हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही, पण मंडळाने स्वतःच्या संगणकासाठी निर्णय घेताना हे माहीत असावे.

नवी मोठी आवृत्ती घेताना ‘आधीच्या आवृत्त्या काढून टाका’ असा पर्याय प्रगत सेटिंग्जमध्ये खूण केलेला असतो. ती खूण काढावी आणि आधीच्या सेटिंग्ज आणण्याची खूण ठेवावी. निदान गणपती होईपर्यंत दोन्ही आवृत्त्या शेजारी राहू द्याव्यात. आणि उत्सवाच्या आधीच्या पंधरा दिवसांत अपडेट करूच नये. हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

नसलेला चेहरा

शेवटचा बदल सर्वांत नवा आहे, आणि मला तोच सर्वांत काळजीचा वाटतो. फोटोशॉपमध्ये २०२३ पासून जनरेटिव्ह फिल आले. निवडलेल्या जागेत काय हवे ते यंत्र स्वतः तयार करून भरते. ते काम आपल्या संगणकावर होत नाही, चित्र कंपनीच्या सर्व्हरकडे जाते. हे मुद्दाम मागवावे लागते, तोवर ठीक. पण डाग काढायच्या ‘रिमूव्ह’ या अवजारातही आता जनरेटिव्ह एआय शिरले आहे. ते वापरायचे, वापरायचे नाही, की सॉफ्टवेअरनेच ठरवायचे, असा पर्याय वरच्या पट्टीत असतो. तिकडे न पाहता ब्रश फिरवला तर निर्णय सॉफ्टवेअरचा.

फ्लेक्सवरून विजेची तार पुसायची असेल तर यात काहीच बिघडत नाही. पण आपल्या घराघरांत सयाजीरावांच्या काळातले समूहफोटो आहेत. कडेला बुरशी चढलेली, एखाद्या चेहऱ्यावर पांढरा चट्टा. जुना क्लोन स्टँप घेऊन काम करणारा माणूस शेजारचेच कण उचलून चट्ट्यावर ठेवायचा, आणि जिथे काही उरलेच नाही तिथे थांबायचा. नवे अवजार थांबत नाही. ते कान घडवते, मिशी घडवते, पगडीची घडी घडवते. आणि पगडीच्या घडीवरून, अंगरख्याच्या बंदावरून, उपरण्यावरून आपण माणसे ओळखतो. घराणे कोणते, दरबारी की शिक्षक, बडोद्याचे की पुण्याहून आलेले, हे तिथूनच ठरवतो. यंत्राने घातलेली पगडी देखणी असेल, पण ती कोणाचीही नसते. तीस वर्षांनी नातवंडे तो फोटो मोठा करून बघतील तेव्हा त्यांना हे सांगणारे कोणी नसेल.

जतन करायच्या फोटोंसाठी ते जनरेटिव्ह बंद ठेवावे. मूळ स्कॅन टिफ साच्यात, काहीही न सुधारता, वेगळ्या फोल्डरमध्ये राहावा आणि सुधारलेल्या प्रतीच्या नावातच तसे लिहावे. चट्टा राहिला तर राहू द्यावा.

मंडळाने आता काय करावे

जुन्या स्मरणिकांच्या फायली बहुधा मंडळाकडे नसतातच, छापणाऱ्या दुकानाकडे असतात. त्या मागायला हव्यात. फॉन्ट दुकानाच्या परवान्याचे असतात, ते सगळ्यांना वाटता येत नाहीत. म्हणून जुन्या यंत्रावरच, जिथे फॉन्ट अजून जिवंत आहे तिथे, फाइल उघडून फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ करून घ्यावी. नव्या यंत्रावर जुनी फाइल उघडताना मजकुराचे थर अद्ययावत करायचे का असा प्रश्न आला तर ‘नाही’ म्हणावे आणि काम नेहमी प्रतीवरच करावे.

पीडीएफने पान वाचेल, शब्द वाचणार नाहीत. जुन्या फॉन्टच्या पीडीएफमधून लेख निवडून दुसरीकडे चिकटवला तर त्याच निरर्थक खुणा हाती येतात; त्यात कोणाचे नाव शोधताही येत नाही. मजकूर हवा तर तो युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण ते जोडाक्षरांत अडखळतात आणि ‘ऱ्य’चा ‘र्य’ हमखास करतात. रूपांतरानंतर ओळ न् ओळ वाचणारा माणूस लागतो. त्याला फोटोशॉप येण्याची गरज नाही, शुद्ध मराठी वाचता यायला हवे. आपल्याकडे निवृत्त शिक्षक-शिक्षिका पुष्कळ आहेत. एका सभासदाने एका वर्षाची स्मरणिका घेतली तरी काम मार्गी लागेल. सुरुवात सर्वांत जुन्या अंकापासून न करता, ज्या दुकानाचा संगणक या वर्षी बदलला जाणार आहे त्या दुकानातल्या फायलींपासून करावी.